खोड सांगून विकलेला गेम

मले राग लवकर येते, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या यवतमाळच्या पॉलिटेक्निकातली पोट्टी मागून मले काय म्हणतात तेही मले माहीत आहे. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी चहाचा कप आपटला तो उगाच नाही आपटला.

मोबाइलवर एक मेल आलता. इंग्रजीतला, गोडगोड, 'प्रिय निर्माती' असा सुरू होणारा. मजकूर असा, की पुण्याच्या चौकट गेम्स कंपनीचे त्रेचाळीस जुने गेम आता ओरिव्हा नावाच्या मोठ्या कंपनीनं घेतले आहेत, सगळे हक्क तिच्याकडे गेले आहेत, अन् तिच्या नव्या धोरणात हे जुने गेम बसत नाहीत. म्हणून पुढच्या महिन्यात अमुक तारखेले दुपारी बारा वाजता ते ऑनलाइन स्टोअरवरून काढून घेण्यात येतील. ज्यायनं आधी घेतले त्यायच्याकडे राहतील, नवीन कोणाले भेटणार नाहीत. यादीतला एकोणिसावा गेम माझा होता.

तारीख पाह्यली त पोळ्याचा दुसरा दिवस. आमच्याकडं त्या दिवशी तान्हा पोळा असते, लहान लेकरं लाकडाचे बैल सजवून दारोदार फिरवतात. अन् बरोबर त्याच दिवशी माझे बैल स्टोअरवरून हाकलणार. यायले मुहूर्त कोणी काढून देला, असं मी मोठ्यानं म्हणलं, तवा बाजूचे सर उठून दुसऱ्या खुर्चीवर गेले.

गेमचं नाव 'सुसाट जोडी'. शंकरपटाचा गेम. शंकरपट म्हणजे बैलजोडीची शर्यत, आम्ही नुसतं पट म्हणतो. छकड्याले दोन बैल, वर हाकणारा एक धुरकरी, समोर सरळ धावपट्टी. यवतमाळले इंजिनीअरिंगले होती तवा मी दोन वर्षं घासून तो बनवला. डाव्या बैलाले एक बटण, उजव्याले दुसरं, दोघांची पावलं जुळवत दाबायचं. एकाले जास्त पळवलं की छकडा वाकडा जाते. तुतारी, म्हणजे खिळ्याची काठी, टोचायचं बटण मी ठेवलंच नाही. शर्यतीच्या गेममध्ये मारायचं बटण कसं नाही, असं सगळे विचारत. माझ्या बापूनं आख्ख्या जिंदगीत पटात तुतारी हाती धरली नाही, त मी कायले बटण देऊ.

चौकटवाल्यायनं तो आधी सीडीवर काढला, मंग साध्या मोबाइलवर, अन् पुढं ऑनलाइन स्टोअरवर, जुन्या नावाजलेल्या गेमच्या खान्यात. मधली काही वर्षं कोर्टाच्या बंदीनं खरा पट थांबलता. त्या वर्षांत दिग्रसच्या पानटपरीवर म्हातारेकोतारे माझाच गेम खेळत. ब्राझीलमधल्या एका माणसानं मले मेल करून विचारलतं, की हे पांढरे बैल कोणत्या जातीचे अन् ते खातात काय. मी त्याले सरकी-ढेपेवर दोन पानं लिहून पाठवली.

त्यानंतर माझी नोकरी झाली, लग्न झालं, पेपर तपासून तपासून चष्मा लागला. मनापासून करावं म्हणून जे मी केलं, ते हे एकच. अन् त्याची मूळ प्रतही माझ्याकडं नव्हती. माझी हार्ड डिस्क कधीच बसलती, सोर्स कोड होता तो चौकटच्या कपाटात. तिसऱ्या पटाले त्यात एक खोड होती, कधी कधी छकडा मधातच अडकत जाय. ती दुरुस्त करू द्या म्हणून मी त्यायच्या इतकी वर्षं मागं लागली, पण कोणाले वेळ होता. आता त तो विकल्याही जाणार नव्हता अन् सुधारल्याही जाणार नव्हता. नुसता कोणाच्या तरी फायलीत पडून राह्यला असता.

मले तो परत पायजे होता. भरपाई नको, सत्कार नको, शाल-श्रीफळ नको. माझा गेम माझ्या हाती पायजे होता.

मी ओरिव्हाले लिहिलं. पहिला मेल सभ्य होता, दुसरा कमी सभ्य, तिसरा आमच्या प्राचार्यायनं वाचला असता त माझी बदलीच झाली असती. तिसऱ्याले उत्तर आलं. खाली नाव होतं प्रेरणा, विधी विभाग, बंगळुरू. म्हणे, हक्क पूर्णपणे हस्तांतरित झाले असून आपण हा गेम, त्याचं नाव किंवा त्यातली बैलांची चित्रं कुठंही वापरू नयेत. ती चित्रं मी काढलती. आमच्याच दावणीचे बैल समोर उभे करून काढलती.

त्या रविवारी मी एसटी धरून दिग्रसले अन् तिथून आमच्या तांड्यावर गेली. राग आला की मी माहेरी जाते, अन् तिथं गेल्यावर तो आणखी वाढते, पण जाते.

माझा बापू, धरमसिंग राठोड, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं त्यानं बैलबाजारात दलाली केली. आमची बंजाऱ्यांची जातच बैलावर माल लादून देशभर फिरलेली, त्यामुळं बैलातलं त्याले जे कळते ते भल्याभल्यायले कळत नाही. शाळेत मात्र तो एक दिवस गेला नाही. सही म्हणजे अंगठा. घरी आम्ही गोरबोलीत बोलतो, पण तुमच्यासाठी सगळं मराठीतच सांगते.

मी आंगणात उभ्या उभ्या सगळं ओकली. बापू बाजेवर बसून तंबाखू मळत ऐकून राह्यला होता. माझं संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"म्हणजे आता ते जोडी पळवणार नाहीत?"

"नाही."

"अन् तुलेही देणार नाहीत?"

"नाही न बापू. तेच त सांगून राह्यली मी."

"अन् कागद?"

"कोणता कागद?"

"आपला कागद," तो म्हणाला. "तूच त लिवलता, छोरी. रडत रडत."

आता मले तो दिवस सांगणं भाग आहे, अन् सांगताना अजूनही कान गरम होतात.

चौकटचे मालक परांजपे, त्यायले गेमच्या डब्यावर टाकायले खऱ्या पटाचे फोटो पायजे होते. म्हणून करार घेऊन ते पुण्याहून सरळ आमच्या तांड्यावर आले. वीस पानांचा इंग्रजी करार, मी सही करायले टपून बसलेली. वय बावीस. पुण्याचा माणूस आपल्या दारात आला यातच मी हवेत होती. तेवढ्यात बापू मधात पडला. म्हणे, सौदा माझ्या दारात होऊन राह्यला, त माझा कागद झाल्याबिगर जोडी दावणीतून सुटणार नाही.

मी म्हणलं, बापू, हा गेम आहे, कॉम्प्युटरमधला. तो म्हणाला, तूच मले सांगतलं न, ती जोडी आहे म्हणून. पळते न ते? मंग जोडी आहे.

बैलबाजारात बापूचा सौद्याचा कागद ठरलेला असे. आधी जनावराचं वर्णन. मंग खोड. खोड लपवून विकणं बापूच्या लेखी पाप, मग बैल मारका असो की रात्री दावं तोडणारा असो, कागदात ते आलंच पायजे. अन् शेवटी त्याची स्वतःची एक ओळ, जी दुसऱ्या कोणत्याच दलालाच्या कागदात नसे. अंगठ्याचा माणूस, म्हणून लिहायले त्यानं मलेच बसवलं. तहसीलातून आणलेले दोन स्टॅम्पपेपर त्याच्या पेटीत होतेच.

मी लिहिला तो कागद, अन् पुण्याच्या माणसासमोर लाज वाटून माझ्या डोळ्यातून पाणी गळून राह्यलं होतं. तिकडं परांजपे हसून राह्यले होते. त्यायले सगळी गंमत वाटली. त्यायनं ऐटीत सही केली, बॅगेतून कंपनीचा शिक्का काढून तोही मारला, अन् एक प्रत आपल्या वीस पानायले जोडून घेतली. म्हणाले, धरमसिंगजी, हा कागद मी ऑफिसात सगळ्यायले दाखवीन. बापूनं अंगठा देला. ते गेल्यावर मी तीन दिवस बापूशी बोलली नाही.

"कागद कोठी आहे?" मी विचारलं.

याडी, म्हणजे माझी माय रामीबाई, दारात बसून ऐकून राह्यली होती. ती उठली, घरातली लोखंडी पेटी उघडली, तिच्या आरशाच्या कामाच्या घागऱ्याच्या घडीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली अन् माझ्या हाती देली. कागद तिच्यात. अक्षर माझं.

मी उभ्यानंच वाचला.

'वर्णन: शंकरपटाचा संगणकी खेळ, नाव सुसाट जोडी, बैल दोन, रंग पांढरा, शिंगं चार, वय दोन वर्षे. खोड: तिसऱ्या पटाले बाभळीच्या झाडापाशी छकडा कधी कधी अडकते, खोड सांगून विकली आहे. शर्त: जोडी राबवावी, पळवावी, खुशाल पुढं विकावी, घेणाऱ्यालेही हीच शर्त लागू. पण ज्या दिवशी पळवायची नसेल, त्या दिवशी तिले कोंडून ठेवू नये. घरधन्याच्या, म्हणजे मूळ मालकाच्या, दारात आणून, दाव्यासकट बांधून द्यावी. त्या दिवसापासून जोडी घरधन्याची.'

खाली परांजपेंची सही, शिक्का, बापूचा अंगठा अन् माझी सही.

मी बाजेवर बापूच्या बाजूले बसली अन् कागद पुन्हा वाचला. मंग तिसऱ्यांदा वाचला. "काय झालं?" याडीनं विचारलं. मी म्हणलं, "काही नाही याडी, मी एक नंबरची भैताड आहे." बापूनं मान हलवली, म्हणजे ते त्याले आधीपासून माहीत होतं.

यवतमाळले परत येऊन मी तो इंग्रजी करार काढला, जो मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच धड वाचला. सतराव्या पानावर होतं: दोन्ही पक्षांनी सही करून जोडलेले सर्व कागद या कराराचा भाग समजले जातील. मी दोन्ही कागद स्कॅन करून बंगळुरूले पाठवले. सोबत लिहिलं, की तुम्ही जोडी पळवून नाही राह्यले, त आणून बांधा. बस, एवढंच. इतका लहान मेल मी कोणालेच कधी लिहिला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर दोघं. एक सूटवाले साहेब, अन् बाजूले तिशीतली एक पोरगी, केस वर बांधलेले, समोर माझ्या कागदाची छापील प्रत. तीच प्रेरणा.

साहेब इंग्रजीत बोलून राह्यले होते. म्हणाले, मॅडम, आमच्या यादीत या कागदाची नोंद 'गुरं खरेदीची पावती, असंबंधित' अशी आहे. हा एक विनोद होता, तुमच्या वडिलांची समजूत काढायले केलेला. यातले बैल कोणतेही असू शकतात. तुमचा गेम हाच, हे या कागदावरून कसं ठरवायचं?

मी तोंड उघडलं. आता जे निघणार होतं त्यानं माझा सौदा तिथंच फिसकटला असता. पण प्रेरणा आधी बोलली.

"सर, यात खोड लिहिली आहे," ती इंग्रजीत म्हणाली, फक्त खोड हा शब्द तिनं मराठीत घेतला. "विकणाऱ्यानं सांगितलेला दोष. तिसरी शर्यत, बाभळीचं झाड. गेम माझ्या मशीनवर आहे. पाहून घेऊ का?"

साहेब म्हणाले, पाहा.

तिनं पडदा सगळ्यायले दाखवला. गेम उघडला, माझा हिरवा माळ आला, माझे पांढरे बैल आले. पहिला पट, दुसरा पट, दोन्ही तिनं खराब खेळले, डाव्या बैलाले उगाच पळवून राह्यली होती. मले तिच्या हातून माऊस ओढून घ्यावा वाटला. मंग तिसरा पट सुरू झाला. मी देवाले कधी काही मांगत नाही, पण त्या वेळी मांगतलं. बाप्पा, इतकी वर्षं लोकायनं मले शिव्या देल्या त्या खोडीपायी, आज एकदा अडकू दे.

छकडा बाभळीपाशी आला अन् अडकला. बैलांचे पाय हवेत चालून राह्यले होते, छकडा जागचा हलत नव्हता. प्रेरणानं बटणं दाबून पाह्यली. काहीच नाही.

साहेबायनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी तोंडावर पदर धरला, कारण मले हसू आवरत नव्हतं. माझ्या गेममधला सगळ्यात लाजिरवाणा दोष, जो मी बापूच्या धाकानं नाइलाजानं लिहिलता, तोच साक्षीले उभा राह्यला. कोर्टातही इतका चोख साक्षीदार भेटत नाही.

"अन् दाव्यासकट म्हणजे?" साहेबायनं हळूच विचारलं.

"बैल परत देताना त्याची दोरी पण द्यायची, सर. दोरीशिवाय बैल हातात राहत नाही," प्रेरणा म्हणाली. "गेमच्या बाबतीत मी त्याचा अर्थ सोर्स कोड असा घेईन." मंग ती माझ्याकडं पाहून मराठीत बोलली, "मी वर्ध्याची आहे, मॅडम. माझे आजोबा बाजारातून बैल आणत तेव्हा दाव्यावरून लय भांडत."

त्या क्षणाले त्या पोरीवर माझा जीव जडला. तिले मी रागाच्या भरात जे तीन मेल लिहिलते, त्याची मले पहिल्यांदा शरम वाटली, अन् मी तिथंच माफी मांगतली. ती म्हणाली, दुसरा मेल तिनं मैत्रिणीयले वाचून दाखवला.

दहा दिवसांनी त्यायचं पत्र आलं. कंपनी शर्त मान्य करते. नाव, चित्रं, सोर्स कोड, सगळे हक्क घरधन्याकडे परत, ज्या क्षणी गेम स्टोअरवरून निघेल त्या क्षणापासून. फायली इंटरनेटवरून पाठवतो, कृपया पोच द्यावी.

मी आनंदानं उड्या मारत बापूले फोन केला. बापू म्हणाला, "पाठवतो म्हणजे?"

"बापू, लिंक येते. दाबली की आपल्या कॉम्प्युटरमध्ये."

"कागदात काय लिवलं?"

"दारात आणून बांधावी."

"मंग?" तो म्हणाला अन् फोन ठेवून देला.

दुसरी कोणी असती त तिनं बापाची समजूत काढली असती. मी मात्र त्याचीच लेक. मी प्रेरणाले लिहिलं, की शर्त पूर्ण पाळा, दारात आणून बांधा, आमच्या तांड्याचा पत्ता खाली देला आहे. मले वाटलं आता मात्र ती चिडणार. तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं. पोळ्याले तसंही मी वर्ध्याले घरी येऊन राह्यली आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी दहाले तांड्यासमोर गाडी थांबली. प्रेरणा उतरली, खांद्याले बॅग. तवर सारा तांडा जमा झालता, काहून की बापूनं चार दिवसांपासून सांगून ठेवलतं, पुण्याले विकलेली जोडी घरी येऊन राह्यली आहे. काही म्हाताऱ्यायले खरंच वाटलं टेम्पोतून बैल उतरतील. ते गाडीच्या मागं जाऊन पाहून आले.

प्रेरणानं बॅगेतून एक हार्ड डिस्क काढली. काळी, तळहाताएवढी. तिले एक सुती दावं गुंडाळलेलं होतं, खरं, बैलाचं, नवं कोरं. वर्ध्याच्या बाजारातून तिनं ते आदल्या दिवशी घेतलतं. बापूनं दावं हाती घेऊन पाह्यलं, पीळ तपासला, अन् त्याच्या तोंडावर जो आनंद आला तो मी माझ्या लग्नातही पाह्यला नव्हता.

याडीनं हार्ड डिस्कले हळद-कुंकू लावलं. मी म्हणलं, "याडी, त्या बारीक खाचेत कुंकू जाऊ देऊ नको." ती म्हणाली, "मले शिकवू नको." मंग तिनं प्रेरणाचीही ओटी भरली, अन् प्रेरणानं ती वकिलाच्या कोटात घेतली.

"आता चालवून दाखवा, बाई," बापू म्हणाला. "जनावर चालवून पाह्यल्याशिवाय मी हातात घेत नसतो."

ओसरीत बाजेवर मी माझा लॅपटॉप मांडला. हार्ड डिस्क जोडली. अन् ते फोल्डर उघडलं. मी लिहिलेली एकेक फाइल होती तिथं. बावीस वर्षांच्या पोरीनं ठेवलेली नावं, मधात मधात स्वतःलेच देलेल्या शिव्या, 'इथं हात लावू नको ममता' असं एका ठिकाणी. प्रेरणानं विचारलं, सगळं आहे का. मी मान हलवली. बोलता येत नव्हतं, अन् माझं बोलणं बंद होणं म्हणजे काय, ते फक्त आमच्या घरच्यायलेच समजते.

गेम सुरू झाला. बापूनं डोळे बारीक करून बैलांची चाल पाह्यली, कान पाह्यले, शेपट्या पाह्यल्या. "लंगडत नाहीत," तो म्हणाला, अन् प्रेरणानं आणलेल्या पोचेच्या कागदावर अंगठा देला.

बारा वाजायले पाच मिनिटं असताना मी मोबाइलवर स्टोअरचं पान उघडून धरलं. सारे माझ्या खांद्यावरून डोकावून राह्यले होते. बाराले मी पान ताजं केलं. 'सुसाट जोडी' गेलती. वरचे-खालचे बेचाळीस गेमही गेलते. एक महिन्याआधी याच क्षणाच्या भीतीनं माझी झोप उडलती. अन् आता मी जागची उठून टाळी वाजवली, काहून की कंपनीच्या पत्राप्रमाणं त्या क्षणापासून ती माझी होती. टाळी माझी एकटीची होती, मंग याडीची आली, मंग आख्ख्या आंगणाची. कोणीतरी डफडं आणलं. प्रेरणाले बायांनी मधात ओढून नाचवलं, अन् ती गेम खेळते त्यापेक्षा बरी नाचली.

निघताना तिनं मले बाजूले घेऊन सांगतलं, की त्या बेचाळीसमधल्या काही जणायनं कंपनीले माझ्यासारखेच मेल लिहिलते, पण त्यायच्याकडं असा कागद नव्हता. मी तिथंच ठरवलं. आता आमच्या पॉलिटेक्निकात शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक पोट्ट्याले मी बापूचा कागद फळ्यावर लिहून देते अन् पाठ करून घेते. नाही केला त वर्गाबाहेर.

आठ दिवस रजा टाकून मी तांड्यावरच राह्यली. तिसऱ्या पटाची खोड चौथ्या दिवशी सापडली. एका ठिकाणी मी बेरजेऐवजी वजाबाकी केलती, बस. दुरुस्त केल्यावर मी तो पट सलग चाळीस वेळा खेळली. छकडा बाभळीजवळून सुसाट गेला, चाळीसही वेळा.

आठव्या दिवशी सकाळी गेम परत स्टोअरवर चढवायले बसली, या वेळी स्वतःच्या नावानं. फॉर्ममध्ये सगळं भरलं. मालक: ममता धरमसिंग राठोड. गाव: आमचा तांडा, तालुका दिग्रस, जिल्हा यवतमाळ. बापू बाजूले बसून शेंगा फोडून राह्यला होता.

"बापू," मी म्हणलं, "तो कागद लिहिला तवा मी तीन दिवस बोलली नाही तुझ्याशी. माझं चुकलं."

"पाच दिवस," तो म्हणाला.

"तुले तेव्हाच माहीत होतं का असं होईल म्हणून?"

बापूनं शेंगांची टरफलं धोतरावरून झटकली. "मले काय माहीत. मी चाळीस वर्षं बैल विकले, छोरी. दरेक कागदात ती ओळ लिवून घेतली. सगळ्यायनं हो म्हणलं, सह्या देल्या. आणून एकानंही बांधला नाही. पोळा आला की मी सकाळपासून दाराकडं पाहत बसो, म्हातारा झालेला एखादा तरी कोणी घेऊन येईल म्हणून. तुझी याडी हसे मले." त्यानं लॅपटॉपकडं पाह्यलं. "परत आलेली ही पहिलीच."

मले रडू कोसळलं अन् मी ते लपवलं नाही. बापूनं माझ्या हातात सोललेल्या शेंगा ठेवल्या. मंग मी लॅपटॉप उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, गेम स्टोअरवर चढवायचं बटण कोणतं ते दाखवलं, अन् त्यानं अंगठ्यानं ते दाबलं.